आक्रोश नव्हे, तुलना

ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुषतुलना’ (१८८२) या ग्रंथाचा गौरव करताना समीक्षक हटकून ‘आक्रोश’ हा शब्द योजतात. हा गौरव नसून सोयीस्कर पळवाट आहे. आक्रोशाची कीव करता येते; युक्तिवादाला मात्र उत्तर द्यावे लागते. १८८१ साली सुरतेच्या न्यायालयाने विजयालक्ष्मी या तरुण विधवेला बालहत्येबद्दल फाशी सुनावली. पुढे ती शिक्षा सौम्य झाली. परंतु त्या निमित्ताने समस्त स्त्रीजातीलाच दूषणे दिली गेली. बुलढाण्याच्या ताराबाईंनी त्यांतील एकेक दूषण हाती घेतले आणि ते पुरुषांना अधिक लागू पडते, हे साधार दाखविले. ही पद्धती ग्रंथाच्या नावातच आहे. जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली; तरीही १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुनर्मुद्रण करीपर्यंत ग्रंथ विस्मृतीतच राहिला. आज सामाजिक इतिहासाने ताराबाईंना स्थान दिले आहे. मात्र विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या उपरोधाचे शैली म्हणून विवेचन करणारी समीक्षा ताराबाईंच्या उपरोधाला संताप म्हणते. हा दुजाभाव टिकून आहे तोवर मराठी निबंधाचा इतिहास अर्धाच लिहिला गेला, असे म्हणावे लागेल.