बर्फाची तारीख पुढे गेली म्हणून खेळाडूची संधी जाऊ नये

प्रति,
मा. आयुक्त,
क्रीडा व युवक सेवा, महाराष्ट्र राज्य,
शिवछत्रपती क्रीडा संकुल, बालेवाडी, पुणे.

मार्फत : मा. उपसंचालक, क्रीडा व युवक सेवा, छत्रपती संभाजीनगर विभाग.

दिनांक : १८ डिसेंबर २०२५

विषय : स्कीइंगच्या प्रशिक्षणाला व स्पर्धांना मराठवाड्यातून जाणाऱ्या खेळाडूंचा प्रवास, सराव आणि परीक्षा यांबाबत.

महोदय,

संभाजीनगरात बर्फ पडत नाही, हे आम्हांलाही ठाऊक आहे. निवेदनाच्या आरंभीच हे लिहितो, कारण कोणत्याही कार्यालयात गेलो की पहिली पाच मिनिटे यातच जातात. साहेब हसतात, शिपाई हसतो, शेवटी आम्हीही हसतो आणि अर्जावर आवक क्रमांक पडून तो तिथेच राहतो. मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो त्या गावाला स्कीइंग कशाला, या प्रश्नाचे आमचे उत्तर एवढेच : कर्नाटकातल्या कोडगूतही बर्फ पडत नाही, तरी तिथल्या भवानी टी. एन. हिने खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांत नॉर्डिक स्कीइंगची सुवर्णपदके मिळवली. आपल्याच राज्याचे स्केटर लेहच्या बर्फावरून पदके घेऊन येतात. आमच्याच शहरातून पोलीस दलातले रफिक शेख २०१६ मध्ये आणि प्रा. मनीषा वाघमारे २०१८ मध्ये एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. येत्या फेब्रुवारीत इटलीतल्या मिलान-कोर्तिना ऑलिंपिकमध्ये स्की माउंटेनिअरिंग हा प्रकार पहिल्यांदाच येतो आहे. त्यात स्की घालून डोंगर चढायचा आणि मग त्याच स्कीवरून खाली उतरायचे. देवगिरी किल्ल्याच्या पायऱ्या पळत चढणाऱ्या पोरांना चढण कोणी शिकवायला नको. उतरणे शिकायला मात्र बर्फापर्यंत जावे लागते, आणि आमचे गाऱ्हाणे त्या जाण्याचे आहे.

पूर्वी जाण्यात अडचण पैशांची असे. आता पैसे जमवले तरी तारखेचा भरवसा राहिलेला नाही. या वर्षीचेच पाहा. गुलमर्गची खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा २२ ते २५ फेब्रुवारीला ठरली होती. बर्फच पुरेसा नाही म्हणून ती पुढे ढकलली गेली आणि ९ ते १२ मार्चला झाली. उत्तराखंडातल्या औलीत बर्फाअभावी राष्ट्रीय स्पर्धा लांबल्याची किंवा रद्द झाल्याची उदाहरणे एकाहून अधिक आहेत. तिथे जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचली आणि गावातून औलीला नेणारा रोपवेही थांबला. बर्फ आहे तर वाट नाही, वाट आहे तर बर्फ नाही, अशी गत आहे.

वाटेचे तर काय सांगावे. या वर्षी २२ एप्रिलला पहलगामला हल्ला झाला, त्यात आपल्या राज्याचे सहा जण गेले. मे महिन्यात उत्तर व पश्चिम भारतातले बत्तीस विमानतळ काही दिवस बंद राहिले, त्यात श्रीनगर होतेच. ६ जूनला चिनाबवरचा पूल सुरू झाला, कटऱ्याहून श्रीनगरला रेल्वे जाऊ लागली, तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. ऑगस्टअखेरच्या पुरात जम्मूकडच्या गाड्या बंद पडल्या आणि पेढ्यांची चव गेली. आणि या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात देशातल्या सर्वांत मोठ्या विमान कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली. तीही वैमानिकांच्या विश्रांतीच्या नियमांची तयारी नव्हती म्हणून, ना धुके ना बर्फ! ज्या गावाहून दिल्लीसाठी दिवसाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी विमाने आहेत, तिथल्या माणसाला असे एक उड्डाण चुकले की पुढची सगळी साखळी तुटते.

आमच्यातलाच एक प्रसंग सांगतो. गेल्या हंगामात आमच्यातल्या सहा मुलामुलींनी हिमालयातल्या एका संस्थेत चौदा दिवसांचा कोर्स ठरवला. रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून एकशेवीसऐवजी साठच दिवस आधी मिळते, म्हणून साठाव्या दिवशी सकाळी आठला तीन घरांतून तीन मोबाइलवर बसून सचखंड एक्स्प्रेसची दिल्लीपर्यंतची तिकिटे काढली. जाण्याची मिळाली, परतीची वेटिंगवर राहिली. एका मुलाचे वडील वाळूजला कंत्राटी कामगार आहेत. त्यांनी पतपेढीतून चोवीस हजार उचलून कोर्सचे पैसे भरले. गाडीने भोपाळ सोडले आणि सोबतच्या शिक्षकांना फोन आला : बर्फ कमी आहे, कोर्स नऊ दिवस पुढे गेला आहे, तुम्ही नऊ दिवसांनी या.

नऊ दिवस दिल्लीत राहायचे कुठे? दोन मुली एका नातेवाइकांकडे, बाकीचे गुरुद्वाऱ्यात. तिसऱ्या दिवशी पैसे संपत आले तेव्हा सगळे परत फिरले, तीन वेगवेगळ्या गाड्यांनी, त्यांतले दोघे जनरलच्या डब्यातून. सोबत एकच जुना स्कीचा जोड होता, माणसाच्या उंचीचा, चादरीत गुंडाळलेला. तो बर्थखाली मावेना म्हणून पॅसेजमध्ये आडवा टाकला, तर तपासनिसांनी विचारले, ‘‘हे काय आहे रे, पडद्याचे दांडे?’’ पोरगा ‘‘हो’’ म्हणाला. खरे सांगितले असते तर दंड झाला असता की कौतुक, हे त्याला ठरवता आले नाही. कोर्सचे पैसे ‘पुढच्या हंगामात वळते करू’ या उत्तरावर अजून तिकडेच आहेत. पतपेढीचा हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला वळता होतो.

संस्थेचा यात दोष किती, हे आम्ही म्हणत नाही. बर्फ कोणाच्या हातात नाही. पण शासनाची परवानगी, शाळेची रजा, रेल्वेचे तिकीट आणि बोर्डाची परीक्षा या चारही गोष्टी माणसांच्या हातातल्या आहेत, आणि या चारही गोष्टी एकाच तारखेला खिळे ठोकून बसवलेल्या आहेत. ती तारीख हलली की पोराचा हंगाम गेला. हे खिळे थोडे सैल करावेत, हीच आमची मागणी आहे. तिचे तपशील पुढे देतो.

सर्वांत आधी मंजुरीचे. स्पर्धेला किंवा प्रशिक्षणाला जाण्याचे पत्र, अर्थसाहाय्य, शाळेतली हजेरीची सवलत आणि शिक्षकांची कर्तव्यरजा हे सगळे आज ‘अमुक तारीख ते तमुक तारीख’ असे मागावे लागते. हिमक्रीडांपुरते ते १ जानेवारी ते ३१ मार्च अशा हंगामासाठी द्यावे. त्या मुदतीत कोणतेही ठरावीक दिवस वापरता यावेत आणि तारीख बदलल्यास फक्त लेखी कळवणे पुरेसे व्हावे. नवा प्रस्ताव, नव्या सह्या, पुन्हा पुण्याची खेप हे नको. निघालेला संघ बर्फाअभावी वाटेतून परतला, तर झालेला प्रत्यक्ष प्रवासखर्च ‘स्पर्धा झालीच नाही’ या शेऱ्याने नाकारला जाऊ नये. मुले गेली होती. तिकडे बर्फ पडला नाही, हा त्यांचा गुन्हा नव्हे.

परीक्षेचा विषय याहून कठीण आहे. २०२५ मध्ये दहावीची परीक्षा २१ फेब्रुवारी ते १७ मार्च अशी होती. म्हणजे गुलमर्गची स्पर्धा वेळेवर झाली असती तरी परीक्षेत आणि उशिरा झाली तीही परीक्षेतच. येत्या वर्षी बारावी १० फेब्रुवारीला आणि दहावी २० फेब्रुवारीला सुरू होते. हिमालयात बर्फ ज्या आठवड्यांत चांगला, नेमके तेच आठवडे आमच्या बोर्डाचे आहेत. सीबीएसई मान्यताप्राप्त स्पर्धेला गेलेल्या खेळाडूची परीक्षा नंतर वेगळी घेते. राज्य मंडळाने तीच सोय द्यावी, यासाठी आपल्या कार्यालयाने शालेय शिक्षण विभागाकडे प्रस्ताव पाठवावा. जून-जुलैच्या पुरवणी परीक्षेत बसण्याचा मार्ग आम्हांला सुचवला जातो. पण पोराने आयुष्यभर गुणपत्रिकेवर पुरवणी का, याचे उत्तर देत फिरायचे का? त्याला नापासाच्या रांगेत उभे न करता वेगळी बैठक द्यावी.

प्रवासाबाबत दोन गोष्टी आपल्या अधिकारात आहेत आणि एक नाही. नसलेली आधी सांगतो. खेळाडूंची रेल्वे भाडेसवलत मार्च २०२० मध्ये इतर अनेक सवलतींबरोबर थांबली. ती पूर्ववत व्हावी यासाठी राज्याने रेल्वे मंत्रालयाकडे पाठपुरावा करावा. दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागाला आम्ही स्वतंत्र पत्र देत आहोत, पण पोराटोरांच्या पत्राला काय वजन असते ते आपण जाणताच. आपल्या अधिकारातले असे : संघ अधिकृत असेल तेव्हा आपल्या विभागीय कार्यालयाने आपत्कालीन कोट्यासाठी पत्र त्याच दिवशी द्यावे, साहेब दौऱ्यावर आहेत म्हणून ते अडू नये. आणि तारीख बदलल्यामुळे तिकीट रद्द करावे लागले तर कापलेली रक्कम मंजूर खर्चात धरावी. गाडी चुकली तर विमानाने जा, असे सांगणारे शुभचिंतक पुष्कळ भेटतात. त्यांच्यासाठी नम्रपणे नमूद करतो की श्रीनगर उतरल्यावरही गुलमर्ग सुमारे पन्नास किलोमीटर राहते आणि बर्फ पडला की टंगमर्गच्या पुढे चाकांना साखळ्या लावल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. तो खर्च आमच्या कोणत्याही खर्च-तक्त्यात बसत नाही, कारण तक्त्यात तसा रकानाच नाही.

सुरक्षिततेबद्दल थोडेच लिहितो. एप्रिलच्या हल्ल्यानंतर अनेक आयांनी मुलींचे अर्ज मागे घेतले. त्यांना समजावण्याचा आम्हांला हक्क वाटत नाही. त्या वेळी अडकलेल्या पर्यटकांना राज्य शासनाने खास विमानांनी परत आणले, हे आम्ही विसरलेलो नाही. अडकल्यावर जे केले त्यातले थोडे निघण्यापूर्वी करावे : हंगामापुरता एक संपर्क अधिकारी नेमावा, तो तिथल्या प्रशासनाशी बोलेल आणि आज निघावे की थांबावे हे आम्हांला स्पष्ट सांगेल. आज हा निर्णय व्हॉट्सअॅपवर कोणाच्या तरी मेव्हण्याच्या मित्राने पाठवलेल्या व्हिडिओवरून होतो. संघासोबत जाणाऱ्या प्रत्येकाचा विमा शासनाने काढावा, त्यात डोंगरावरून खाली आणण्याचा खर्च असावा.

आता सरावाचे, आणि इथे मात्र सविस्तर लिहू द्यावे, कारण बर्फ आणि वाट यांच्यापुढे आपण सगळेच हतबल असलो तरी सराव गावातच होऊ शकतो.

आमची मुले पहाटे साडेपाचला विद्यापीठ परिसरातल्या रस्त्यावर रोलर स्कीवर सराव करतात. रोलर स्की म्हणजे हातभर लांबीची पट्टी, पुढेमागे एकेक रबरी चाक, वर स्कीचाच बूट. थंड देशांतले नॉर्डिक खेळाडूही उन्हाळ्यात याच्यावरच घाम गाळतात आणि याच्या जागतिक स्पर्धा होतात. त्यामुळे हे गरिबाघरचे सोंग आहे असे कोणी समजू नये. पोलची अणकुचीदार टोके डांबरावर टक्-टक् वाजतात, त्या आवाजाने गोगाबाबा टेकडीकडे फिरायला निघालेली मंडळी थांबून बघतात. रोलर स्कीला ब्रेक नसतो. उतारावर गुडघे वाकवून, टाचा बाहेर ढकलून वेग मारावा लागतो आणि समोरून दूधवाला आला तर रस्त्याच्या कडेच्या मातीत स्वतःला झोकून द्यावे लागते. एका मुलीच्या कोपरावरची खूण त्या दूधवाल्याची आहे. आता तोच तिला पाहून हॉर्न न वाजवता बाजूला थांबतो. मेमध्ये ऊन चढले की डांबर मऊ पडते, चाके चिकटतात आणि सराव संपतो. विद्यापीठाच्या सुरक्षारक्षकांनी आम्हांला कधी हाकलले नाही, पण परवानगीही कुठे लिहिलेली नाही.

गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात आतल्या बाजूने फिरणारा एक सिमेंटचा पट्टा या मुलांना सकाळी साडेपाच ते सात वाहनांशिवाय मिळावा. खर्च शून्य आहे, एक साखळी आणि एक कुलूप लागेल. तिथेच साहित्याची एक कोठी असावी : दहा जोड रोलर स्की, पोल, हेल्मेट, गुडघ्यांची-कोपरांची पॅडे आणि वेगवेगळ्या मापांचे बूट. पोरांचे पाय वर्षात दोन मापे वाढतात आणि बूट त्यांच्या बापाच्या पगारापेक्षा महाग असतात. तिसरे असे की सहा मुलांना तिकडे पाठवण्याआधी एक प्रशिक्षक इकडे आणावा. गुलमर्गच्या भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्थेत किंवा मनालीच्या अटलबिहारी वाजपेयी गिर्यारोहण संस्थेत उन्हाळ्यात स्कीइंगचे वर्ग नसतात. तेव्हा तिथला एखादा निदेशक जून किंवा सप्टेंबरात पंधरा दिवस इथे येऊन तोल, वळणे आणि पोलची लय शिकवू शकेल. मग बर्फावर गेल्यावर पहिले चार दिवस उभे राहायला शिकण्यात जाणार नाहीत, आणि कोर्स चौदाचा दहा दिवसांवर आला तरी पदरात काही पडेल.

क्रीडा विद्यापीठ आधी या शहराला जाहीर झाले होते आणि नंतर बालेवाडीला गेले, हे आपल्याला सांगण्याची गरज नाही. त्याबद्दल इथे काही मागत नाही. एक सिमेंटचा पट्टा मागतो आहोत.

जानेवारीचा हंगाम दोन आठवड्यांवर आहे. सरावाच्या पट्ट्याचा आणि हंगामी मंजुरीचा निर्णय ५ जानेवारीपूर्वी व्हावा, बाकीच्या मुद्द्यांवर चर्चेसाठी आम्हांला पंधरा मिनिटे द्यावीत. पुण्याला येऊ. आपण संभाजीनगर दौऱ्यावर असाल तर पहाटे साडेपाचला विद्यापीठाच्या रस्त्यावर यावे, चहाची सोय आहे.

कळावे,

आपले नम्र,
स्कीइंगचा सराव करणारे खेळाडू व त्यांचे पालक,
छत्रपती संभाजीनगर.

सोबत : खेळाडूंची यादी, रद्द तिकिटांच्या छायाप्रती, पतपेढीच्या पासबुकाची छायाप्रत (संबंधित पालकांच्या संमतीने).

प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी :
मा. जिल्हाधिकारी, छत्रपती संभाजीनगर.
मा. विभागीय रेल्वे व्यवस्थापक, दक्षिण मध्य रेल्वे, नांदेड.
मा. कुलसचिव, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ (रस्ता वापरू दिल्याबद्दल आभारासह).