हातमोज्याला न कळणारी भाषा

२०१६ साली अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनी सांकेतिक भाषेतील खुणांचे ध्वनीत रूपांतर करणारे हातमोजे बनविले. त्यांना पुरस्कार लाभला. अनेक कर्णबधिरांनी मात्र नाराजी व्यक्त केली, आणि ती रास्तच होती. या भाषेचे व्याकरण केवळ हातांत नसते. नुसत्या उंचावलेल्या भुवयांनी विधानाचा प्रश्न होतो. मोज्याला भुवई कशी दिसणार? शिवाय मोजे चढवायचे कर्णबधिराने. आपण ऐकणाऱ्यांनी काहीच शिकायचे नाही!

भारतीय सांकेतिक भाषेतील शब्द प्रांतागणिक बदलतात, व्याकरण मात्र देशभर बव्हंशी एकच आहे. राष्ट्रीय ऐक्यावर बोलणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक असते? २०२१ साली तिच्या अधिकृत शब्दकोशात १० हजार शब्द झाले. वस्तीवरच्या संस्कारवर्गात त्यांतल्या पन्नासांपासून प्रारंभ करता येईल.