रखमाबाईंचा विवाह राणीने रद्द केला नाही

१/ इंग्लंडच्या राणीने खास हुकूम काढून रखमाबाईंचा विवाह रद्द केला, ही कथा इतक्या वेळा सांगितली गेली आहे की ती आता इतिहास म्हणूनच खपते. तिच्या जोडीला ‘भारतातील पहिली घटस्फोटिता’ ही उपाधीही हमखास येते. हा धागा या दोन्ही विधानांच्या विरोधात आहे. विधाने चुकीची आहेत, हे एक कारण. त्यांच्यामुळे आजच्या मुलींचे नुकसान होते, हे दुसरे आणि अधिक महत्त्वाचे.

२/ आधी घटनाक्रम. रखमाबाईंचा जन्म १८६४ चा. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी विवाह झाला. त्या माहेरीच, म्हणजे आई जयंतीबाई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी राहिल्या. १८८४ मध्ये दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. मागणी एकच : पत्नीने नांदायला यावे.

३/ २१ सप्टेंबर १८८५ रोजी न्या. पिन्ही यांनी दावा फेटाळला. त्यांचे म्हणणे साधे होते. हे दोघे कधी एकत्र राहिलेच नाहीत, तर ‘पुन्हा’ नांदायला पाठवायचे कसे? शिवाय असा दावा हिंदू धर्मशास्त्रातला नव्हेच, तो इंग्लंडच्या चर्च न्यायालयांतून इकडे आलेला आहे. या निकालावर सनातनी मंडळी तुटून पडली. टिळकांची ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे त्यांत आघाडीवर होती.

४/ गंमत पाहा. धर्म बुडाला म्हणून ओरड झाली ती परदेशी चर्चच्या एका उपायासाठी. आणि ज्या इंग्लंडातून तो उपाय आला, तेथे नांदायला नकार देणाऱ्यास तुरुंगात टाकण्याची शिक्षा १८८४ मध्येच रद्द झाली होती.

५/ तरीही अपिलात १८८६ मध्ये पिन्हींचा निकाल फिरला आणि प्रकरण फेरसुनावणीस गेले. ४ मार्च १८८७ रोजी न्या. फॅरन यांनी आदेश दिला : एका महिन्यात नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखवली.

६/ मग राणी? शेवट असा झाला : जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींनी दोन हजार रुपये घेतले आणि हुकूमनाम्याची अंमलबजावणी सोडून दिली. विवाह राणीने रद्द केला असता, तर हे दोन हजार मोजायचे कारणच काय होते? विवाह कोणीही रद्द केला नाही. रखमाबाईंनी केवळ स्वतःची सुटका विकत घेतली. पुढे त्या लंडनला गेल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी प्रदीर्घ काळ रुग्णसेवा केली.

७/ राणीचा या प्रकरणाशी खरा संबंध वेगळाच आहे, आणि तो मात्र फारसा कोणी सांगत नाही. १८८७ हे व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाचे सुवर्णमहोत्सवी वर्ष. त्या निमित्ताने रखमाबाईंनी तिच्याकडे कायद्यातल्या एका वाक्याची मागणी केली : मुलगा वीस वर्षांचा आणि मुलगी पंधरा वर्षांची होण्यापूर्वी लागलेला विवाह न्यायालयासमोर आल्यास तो कायदेशीर मानू नये.

८/ ही मागणी नीट वाचा. स्वतःसाठी माफी नको, खास हुकूम नको. सगळ्या मुलींसाठी एक नियम हवा. ही घटस्फोटाची मागणी नव्हे. ‘हा विवाह मोडा’ आणि ‘हा विवाह कायद्याच्या दृष्टीने झालाच नाही’ यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. रखमाबाई दुसरे वाक्य उच्चारत होत्या. राणीने ते दिले नाही.

९/ म्हणून दंतकथा घातक आहे. जिने हक्क मागितला, तिच्या पदरात ती दया टाकते. जिने सर्वांसाठी मागितले, तिला एकटीपुरते मिळाल्याचे सांगते. आणि मागणी पूर्ण झाली असे भासवून आपल्याला निश्चिंत करते. ‘प्रेरणा मिळते, मग काय बिघडले?’ असे विचारणाऱ्यांनी पुढचे वाचावे.

१०/ १९२९ चा शारदा कायदा आला. मुलीचे किमान वय १४, मुलाचे १८. पण शिक्षा विवाह लावणाऱ्यांना. लागलेला विवाह वैधच. १९७८ मध्ये वये १८ आणि २१ झाली. विवाह तरीही वैधच. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात विवाह शून्य ठरण्याची कारणे कलम ११ मध्ये आणि रद्द होण्याजोगा ठरण्याची कारणे कलम १२ मध्ये आहेत. दोन्ही कलमे चाळा. अल्पवय हे कारण त्यांत नाही.

११/ रखमाबाईंचे ‘पंधरा’ कायद्यात उमटले ते १९७६ मध्ये. पंधरा वर्षांच्या आत विवाह झालेल्या मुलीने पंधरा पूर्ण झाल्यावर आणि अठरा होण्याआधी तो नाकारला असेल, तर तिला घटस्फोट मागता येतो. पुन्हा घटस्फोटच. म्हणजे आधी तो विवाह मान्य करा, मग मोडा.

१२/ आता आपल्या नागपूरकडे. १९४७ मध्ये मुंबई प्रांताने हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. नागपूर तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होते. तो कायदा येथे लागू नव्हता. अनेक जातींत काडीमोड आणि पाट रूढ होते. रूढीने मिळणारी ती मोकळीक १९५५ च्या कायद्यानेही कलम २९ मध्ये राखली. ज्या जातींत ती रूढी नव्हती, त्यांतल्या स्त्रीला मात्र १९५५ पर्यंत वाट पाहावी लागली.

१३/ पण मागणी नागपुरातून आधीच झाली होती. २० जुलै १९४२ रोजी येथे दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. डॉ. आंबेडकरांचे भाषण झाले. स्त्रीला घटस्फोटाचा कायदेशीर हक्क असावा आणि बहुपत्नीत्व बंद व्हावे, असे ठराव या परिषदेने केले. हिंदू विवाह कायद्याच्या तेरा वर्षे आधी. हक्क कोणाच्या कृपेने आले, असे विचारणाऱ्यांना ही तारीख सांगा.

१४/ आजची स्थिती काय? २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने पहिल्यांदा दार उघडले. विवाहाच्या वेळी जी बालक होती, तिच्या इच्छेनुसार तो विवाह रद्द होऊ शकतो. मात्र अर्ज तिनेच करायचा, आणि सज्ञान झाल्यापासून दोन वर्षे पूर्ण होण्याआधी. मुलीसाठी याचा अर्थ वयाची २० वर्षे पूर्ण होण्याच्या आत. ती अजून अल्पवयीन असेल तर पालक किंवा मित्र यांनी बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्यासह अर्ज करायचा. गावात ग्रामसेवक हा असा अधिकारी असतो.

१५/ अर्ज कोठे? कायद्यात ‘जिल्हा न्यायालय’ असा शब्द आहे. पण जेथे कुटुंब न्यायालय आहे तेथे तेच जिल्हा न्यायालय समजायचे. म्हणून नागपूर शहरात कुटुंब न्यायालय. वकील देऊ शकत नाही म्हणून कोणी मागे फिरू नये : १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार प्रत्येक स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळते. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जायचे. वयाचा पुरावा, म्हणजे जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला, आधी हाताशी ठेवावा. सगळे प्रकरण त्यावर उभे राहते.

१६/ सज्ञान वयात झालेल्या हिंदू विवाहाचे नियम निराळे. पहिला जोडीदार हयात आणि तो विवाह कायम असताना केलेला दुसरा विवाह मुळातच शून्य (कलम ११). बळजबरीने किंवा फसवून संमती घेतली असेल तर विवाह रद्द करून मागता येतो (कलम १२). पण बळजबरी थांबल्यापासून किंवा फसवणूक उघड झाल्यापासून एका वर्षाच्या आत. फसवणूक कळल्यावरही स्वेच्छेने एकत्र राहिल्यास हे दार बंद होते. एरवी घटस्फोटासाठी विवाहाला एक वर्ष होण्याची अट असते. विवाह रद्द करून मागताना ती नसते.

१७/ मुले असतील तर? विवाह रद्द झाला तरी ती कायद्याने औरसच. २००६ च्या कायद्यात मुलीच्या निर्वाहखर्चाची आणि निवासाची तरतूदही आहे. ‘नाव खराब होईल’ ही भीती असेल, तर कुटुंब न्यायालयात बंद दालनात सुनावणी मागता येते.

१८/ एक आक्षेप मात्र प्रामाणिक आहे. बालविवाह सरसकट शून्य ठरवला, तर वीस-पंचवीस वर्षे संसार केलेल्या बाईचे पत्नीपद एका फटक्यात जाईल, तिने कोणाच्या तोंडाकडे पाहायचे? हा प्रश्न खरा आहे. त्याचे उत्तर निर्वाह आणि वारसा कायद्याने राखून ठेवणे हे आहे. त्यासाठी तेराव्या वर्षी लागलेले लग्न वैध मानत राहणे, हे उत्तर नव्हे. शेजारच्या कर्नाटकाने २०१७ मध्ये आपल्या राज्यापुरता बालविवाह मुळातच शून्य ठरवला. महाराष्ट्राने अजून तसे केलेले नाही.

१९/ आणि ज्या दाव्याने रखमाबाईंना कैदेच्या दारात नेले, तो? इंग्लंडने तो १९७० मध्ये पूर्णपणे काढून टाकला. आपल्याकडे तो हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये आहे. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो घटनेशी सुसंगत ठरवला. आता कैद नाही, मालमत्तेची जप्ती आहे. फरक इतकाच.

२०/ तेव्हा पुढच्या वेळी रखमाबाईंचे छायाचित्र टाकाल, तेव्हा राणीला वगळा. दोन हजार रुपये लिहा. १८८७ ची मागणी लिहा आणि ती आपल्या राज्यात अजून अपुरी आहे हेही लिहा. शेवटी एक ओळ जोडा : बालविवाह रद्द करून घेण्याची मुदत वीस वर्षे पूर्ण होईपर्यंत आहे. वाचणाऱ्यांत एखादी एकोणीस वर्षांची असू शकते.