‘थांबा’ म्हणणाऱ्याचा शब्द

मोठे अपघात अकस्मात घडतात, अशी आपली समजूत असते. आकाशातून वीज कोसळावी तसा अपघात कोसळला, असे आपण म्हणतो. परंतु पुष्कळ अपघातांची चाहूल आधीच लागलेली असते. ती कोणा जाणकाराला लागते, तो इतरांना सावध करतो आणि इतर त्याचे म्हणणे बाजूला सारतात. मग अनर्थ घडल्यावर चौकशी होते. पण हे सारे वरातीमागून घोडे! अमेरिकेच्या ‘चॅलेंजर’ या अवकाशयानाची हकीकत अशीच आहे. ती नीट समजून घेण्याजोगी आहे.

२८ जानेवारी १९८६ या दिवशी सकाळी ११ वाजून ३८ मिनिटांनी फ्लॉरिडा राज्यातील केनेडी अवकाश केंद्रावरून चॅलेंजर आकाशात झेपावले. यानात सात अंतराळवीर होते. त्यांपैकी ख्रिस्टा मॅकॉलिफ या एका शाळेतील शिक्षिका होत्या. त्या अवकाशातून मुलांना पाठ देणार होत्या. म्हणून अनेक शाळांतील मुले वर्गात बसून दूरचित्रवाणीवर हे उड्डाण पाहत होती. अवघ्या ७३ सेकंदांनी, सुमारे १४ किलोमीटर उंचीवर, त्या मुलांच्या डोळ्यांदेखत यानाचे तुकडे झाले. सातही जणांचा अंत झाला.

असे का झाले? यानाला वर नेण्यासाठी त्याच्या दोन बाजूंना दोन मोठे अग्निबाण जोडलेले असत. प्रत्येक अग्निबाण सुमारे ४५ मीटर उंच असे. युटा राज्यातील मॉर्टन थायोकॉल या कंपनीत त्याचे भाग तयार होत. ते आगगाडीने फ्लॉरिडास नेऊन तेथे एकावर एक बसवले जात. सांध्यांतून आतील तप्त वायू बाहेर पडू नये म्हणून प्रत्येक सांध्यात रबराची दोन कडी घातलेली असत. तुमच्या घरी कुकरच्या झाकणात रबराची रिंग असते. ती कडक झाली किंवा झिजली, की वाफ कडेने फुसफुसत बाहेर येते. येथे तर वाफेऐवजी लोखंड वितळवणारी आग होती. अग्निबाण पेटताच सांधा किंचित फाकत असे आणि रबराने क्षणार्धात फुगून ती फट बुजवावी लागे. थंडीत रबर ताठरते. मग हे काम त्याला वेळेवर साधत नाही.

ही गोष्ट कोणालाच ठाऊक नव्हती, असे नाही. जानेवारी १९८५ मधील एका उड्डाणाच्या वेळी हे सांधे थंडीने गारठले होते. त्यांचे तापमान सुमारे १२ अंश सेल्सिअस होते. त्या उड्डाणानंतर अग्निबाण तपासले, तेव्हा कड्यांपलीकडे काजळी पोहोचलेली दिसली. कंपनीतील अभियंते रॉजर बोझोले यांनी जुलै १९८५ मध्ये वरिष्ठांना लेखी कळवले, की या सांध्याकडे त्वरित लक्ष दिले नाही, तर भयंकर अनर्थ होऊन माणसे प्राणास मुकतील.

चॅलेंजरच्या उड्डाणाच्या आदल्या रात्री फ्लॉरिडात कडाक्याची थंडी पडणार, असा अंदाज आला. तेव्हा युटा, अलाबामा आणि फ्लॉरिडा या तीन ठिकाणच्या मंडळींची दूरध्वनीवरून बैठक झाली. १२ अंशांच्या खाली उड्डाण करू नये, असे कंपनीच्या अभियंत्यांनी सांगितले. हे नासा संस्थेच्या अधिकाऱ्यांना रुचले नाही. उड्डाण आधीच अनेकदा पुढे ढकलले होते. आता काय एप्रिलपर्यंत थांबायचे, असा त्रासिक प्रश्न एका अधिकाऱ्याने केला. मग कंपनीच्या लोकांनी आपसांत सुमारे अर्धा तास खल केला. बोझोले यांनी छायाचित्रे पुढे ठेवून पुन्हा पुन्हा समजावले. शेवटी चार वरिष्ठ व्यवस्थापकांनी निर्णय घ्यायचे ठरले. त्यांपैकी एक जण स्वतः अभियंता होता आणि उड्डाणाच्या विरुद्ध होता. अभियंत्याची टोपी उतरवून व्यवस्थापकाची टोपी घाला, असे त्याला सांगण्यात आले. त्याने मत बदलले. ज्यांना तो सांधा सर्वांत अधिक ठाऊक होता, त्या अभियंत्यांचे मत मोजलेच गेले नाही.

माझ्या मते, या रात्रीची खरी चूक एका प्रश्नात होती. एरवी विचारले जाते, “हे यान सुरक्षित आहे, असे सिद्ध करता का?” त्या रात्री मात्र विचारले गेले, “हे यान धोक्याचे आहे, असे सिद्ध करता का?” हे दोन प्रश्न सारखे वाटतात, पण त्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. पहिल्या प्रश्नात शंका असेल तर काम थांबते. दुसऱ्यात शंका असूनही काम पुढे रेटले जाते. अभियंत्यांपाशी पुरता पुरावा नव्हता, हे खरे आहे. एकदा उबदार हवेतही काजळी आढळली होती, असे त्यांच्यावर उलटवण्यात आले. परंतु पुरावा अपुरा असणे, हेच थांबण्याचे कारण होते.

कोणी म्हणेल, की प्रत्येक शंकेसाठी थांबू लागलो, तर जगात एकही मोठे काम होणार नाही. या म्हणण्यात तथ्य आहे. भित्र्या माणसाला समुद्र ओलांडता येत नाही. म्हणून थांबायचे की नाही हे ठरवताना दोन्ही बाजूंचे नुकसान तोलून पाहावे. अभियंत्यांची भीती व्यर्थ ठरली असती, तर काही दिवस वाया गेले असते. व्यवस्थापकांचा विश्वास व्यर्थ ठरला, आणि सात माणसे गेली. हा तराजू त्या रात्री कोणी हाती धरला नाही.

दुसरेही एक कारण होते. पूर्वीच्या काही उड्डाणांतही कडी थोडीफार जळली होती, तरी याने सुखरूप परतली होती. त्यामुळे धोक्याची सवय झाली. दैवाने वाचलो, हे विसरून आपण बरोबर होतो म्हणूनच वाचलो, असे लोक समजू लागले. भरलेल्या नदीतून एकदा पार झालेला माणूस दुसऱ्यांदा पाण्याची खोली पाहत नाही, तसे हे झाले.

या अपघाताच्या चौकशी मंडळात रिचर्ड फाइनमन हे नोबेल पारितोषिक मिळवलेले शास्त्रज्ञ होते. फेब्रुवारी १९८६ मध्ये त्यांनी सर्वांसमक्ष त्या रबराचा दाबून धरलेला तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि बाहेर काढून सोडला. तो चटकन पूर्ववत झाला नाही. पेलाभर पाण्याने जे दाखवले, तेच अभियंते सांगत आले होते. सांध्याइतकीच निर्णय घेण्याची पद्धतही सदोष होती, असे मंडळाने म्हटले. कंपनीचे दुसरे अभियंते अ‍ॅलन मॅक्डोनल्ड यांनी त्या रात्री संमतिपत्रावर सही करण्याचे नाकारले होते. चौकशीत सत्य सांगितल्यावर त्यांना प्रथम कामावरून बाजूला सारण्यात आले. परंतु पुढे सांधा सुधारण्याचे काम त्यांच्याकडेच आले. सुधारलेल्या सांध्यांसह २९ सप्टेंबर १९८८ रोजी उड्डाणे पुन्हा सुरू झाली.

सांधा सुधारला, पण स्वभाव पुरता सुधारला नाही. जानेवारी २००३ मध्ये ‘कोलंबिया’ यानाच्या उड्डाणाच्या वेळी फेसाचा एक तुकडा डाव्या पंखावर आदळला. पंखाची छायाचित्रे मिळवावीत, अशी मागणी अभियंत्यांनी केली. व्यवस्थापकांनी ती पुढे नेली नाही. १ फेब्रुवारी २००३ रोजी परतताना ते यान नष्ट झाले. त्यात हरियाणातील कर्नाल येथे जन्मलेल्या कल्पना चावला आणि त्यांचे सहा सहकारी होते.

ते व्यवस्थापक दुष्ट नव्हते. त्यांना वेळेची घाई होती आणि नावाची काळजी होती. अशी घाई आपणा सर्वांना होते. उद्या तुमच्यापैकी कोणी अभियंता होईल, कोणी अधिकारी. अभियंता झालात, तर जे दिसते ते स्पष्ट सांगा आणि ते लिहून ठेवा. अधिकारी झालात, तर ‘थांबा’ म्हणणाऱ्याला आधी बसायला सांगा, त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐका, आणि मगच घड्याळाकडे पाहा.