सायकल दिली, पाना कोण देणार?

तुमसर तालुक्यातील आंबागड हे नाव आमच्या नागपूरकर वाचकांस ठाऊक असलेच, तर ते तेथील किल्ल्यामुळे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याच्या राजखान पठाण नामक सुभेदाराने 1700 च्या सुमारास तो बांधला आणि पुढे भोसल्यांनी त्याचा बंदिशाळा म्हणून उपयोग केला. आजचा आमचा विषय मात्र किल्ल्याहून पुष्कळच साधा आहे. तो आहे त्या मुलुखातील खेड्यांतून शाळेला जाणाऱ्या मुलीची सायकल.

मानव विकास कार्यक्रमाची व्याप्ती 2011 साली 22 जिल्ह्यांतील 125 मागास तालुक्यांपर्यंत वाढविण्यात आली, भंडारा जिल्हाही त्यात आला, आणि आठवी ते बारावीच्या गरजू मुलींस सायकलीसाठी अनुदान मिळू लागले. योजना उत्तम, यात शंका नाही. बिहारने 2006 साली सुरू केलेल्या अशाच योजनेचा अभ्यास कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी केला आहे. माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण तिच्यामुळे 32 टक्क्यांनी वाढले, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

परंतु सायकल हे यंत्र आहे, आणि यंत्र बिघडायचेच. बाभळीचा काटा टायरमध्ये शिरतो, उन्हाने ट्यूबवरील ठिगळ सुटते, धानाच्या बांध्यांतला चिखल चेनीत जाऊन बसतो. मग सायकल घराच्या भिंतीला टेकते. वडिलांना सवड आणि हाती पैसा असेल त्या दिवशीच ती दुकानापर्यंत पोचते. तोवर मुलगी पायी जाते किंवा घरी राहते. दहा मिनिटांच्या कामासाठी आठवड्याची शाळा बुडावी, हा हिशेब कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

सायकलदुरुस्तीची आपल्याकडची खरी शाळा म्हणजे रस्त्याकडेचे दुकान. उस्तादाशेजारी बसावे, घमेल्यातील पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडा कोठे निघतो ते पाहावे, कानशीने रबर घासावे, आणि वर्षा-दोन वर्षांनी चाकाच्या तारा ओढण्याचे काम हाती यावे, असा हा अभ्यासक्रम. त्याला फी नाही. पण प्रवेश ओळखीने मिळतो. गोंड किंवा ढिवर वस्तीतील ज्या पोराचा दुकानदाराशी काही संबंध नाही त्याला तो सहसा मिळत नाही, आणि मुलीला तर नाहीच. हाताने चालविण्याच्या तीनचाकीवर ज्याचे सारे जाणे-येणे अवलंबून आहे, त्या अपंग मनुष्याची चेन तुटली तर तो दुकानापर्यंत जाणार तरी कसा?

शहरांतून अलीकडे हौशी सायकलस्वारांसाठी दुरुस्तीचे वर्ग निघतात. तेथे कोणासही मज्जाव नसतो, हे खरे. पण दार उघडे ठेवले म्हणजे आमंत्रण गेले, असे समजण्याची आम्हां सुशिक्षितांस जुनी सवय आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या हातकाम आले, त्यांच्याच मुलांस पुन्हा पाना-पक्कड द्यायची आणि आमच्या मुलांनी गणित करायचे काय? गांधीजींनी 1937 साली वर्धा येथे नयी तालीम मांडली, तेव्हाही ही शंका निघाली होती. आमच्या मते तिला उत्तर एकच: हे शिक्षण नागपुरातील धरमपेठेतल्या शाळेतही असावे. ते केवळ आंबागडास पाठवायचे असेल, तर आक्षेप खरा ठरेल.

वाट अगदीच नवी नाही. पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम काढला, आणि तेथील मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम पुढे राज्यातील अनेक माध्यमिक शाळांत गेला. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सुचविले असून त्या काळात मुलांनी सुतार, माळी, कुंभार यांच्याजवळ शिकावे, असे म्हटले आहे. या यादीत सायकल दुरुस्त करणाऱ्याचे नाव घालावे. त्याला योग्य मानधन देऊन शाळेत बोलवावे, आणि त्याने त्याच्याच भाषेत शिकवावे. ‘छर्रे’ या शब्दास संस्कृत प्रतिशब्द शोधत बसू नये.

काही वर्षे खडू झिजविलेल्या माणसाचा म्हणून एक अनुभव येथे नोंदवितो. मुलामुलींचा एकत्र गट केला की हत्यार मुलाच्या हाती जाते आणि वही मुलीच्या. म्हणून निदान आरंभी मुलींचा गट निराळा असावा, आणि नववीतल्या शिकलेल्या मुलींनी आठवीतल्यांस शिकवावे. वर्ग शाळेच्या वेळातच घ्यावा, कारण सुटीनंतर पाणी आणि चूल त्यांची वाट पाहत असते.

खर्च म्हणाल तर चार पाने, एक पक्कड, पेचकस, पंप, सोल्यूशनच्या नळ्या आणि ठिगळाचे रबर, एवढे एका पेटीत मावते. नव्या सत्राआधी ही पेटी प्रत्येक माध्यमिक शाळेत पोचविणे जिल्हा परिषदेस जड नाही. मात्र ती साठा-नोंदवहीत चढवून मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलूपबंद होणार नाही, याची तजवीज त्याच आदेशात लिहून ठेवावी. आणि किल्ली मुलींपैकीच एकीच्या हाती द्यावी.