ब्रिटनने 'वापरा आणि फेका' व्हेप बंद केले, आता टँक कोण धुणार?

आठवड्याला जवळपास ५० लाख! २०२३ साली ब्रिटनमध्ये एकदाच वापरायचे इतके व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, दर आठवड्याला कचऱ्यात किंवा रस्त्याकडेला फेकले जात होते, असा अंदाज 'मटेरियल फोकस' या तिथल्या संस्थेने मांडला होता. यातल्या प्रत्येकात एक लिथियम बॅटरी असते. कचऱ्याच्या गाडीत ती चेपली गेली की पेट घेऊ शकते.

अखेर १ जून २०२५ पासून ब्रिटनमध्ये अशा व्हेपच्या विक्रीवर बंदी आली. सिगारेट सोडण्यासाठी किंवा सवय म्हणून व्हेप वापरणारे सुमारे ५५ लाख प्रौढ तिथे आहेत. व्हेपवर मात्र बंदी नाही. म्हणजे आतापर्यंत संपला की फेकून देणाऱ्यांना आता तोच व्हेप पुन्हा भरायचा, धुवायचा आणि सांभाळायचा आहे. बंदीचा फायदा होणार की नाही, हे बरंचसं या कंटाळवाण्या कामावर ठरणार आहे.

नेमकं काय बदललं?

निकोटिन असो वा नसो, दुकानातून असो वा ऑनलाइन, एकदाच वापरायचा व्हेप विकता येत नाही. इंग्लंडमध्ये पहिल्यांदा पकडलं तर दुकानदाराला २०० पौंड दंड होतो. पुन्हा पुन्हा गुन्हा केला तर दोन वर्षांपर्यंत तुरुंगवासही होऊ शकतो. वापरणाऱ्याला मात्र शिक्षा नाही.

'पुन्हा वापरण्याजोगा' व्हेप कशाला म्हणायचं, हेही ठरलेलं आहे. बॅटरी चार्ज झाली पाहिजे. लिक्विड संपल्यावर ते पुन्हा भरता आलं पाहिजे किंवा नवा पॉड बसवता आला पाहिजे. कॉइल बदलता आली पाहिजे आणि हे सुटे भाग बाजारात वेगळे मिळाले पाहिजेत.

टँकच्या आत काय चालतं?

टँक म्हणजे लिक्विड साठवायची छोटी टाकी. ब्रिटनच्या नियमानुसार तिच्यात जास्तीत जास्त २ मिलिलिटर लिक्विड मावतं. या लिक्विडमध्ये प्रोपिलिन ग्लायकॉल, व्हेजिटेबल ग्लिसरीन, फ्लेवर आणि बहुतेक वेळा निकोटिन असतं.

टँकच्या मधोमध कॉइल असते. ही तारेची छोटी गुंडाळी. तिच्याभोवतीचा कापूस लिक्विड शोषून घेतो, बॅटरीमुळे तार तापते आणि लिक्विडची वाफ होते. इथे धूर नसतो, कारण काहीच जळत नाही. निदान जळायला नको.

अडचण इथेच सुरू होते. गोड फ्लेवरमधला गोडवा तारेवर करपतो. चहाच्या पातेल्याच्या बुडाला साखर लागते, तसाच काळा थर कॉइलवर चढतो. मग चव बदलते, वाफ कमी होते आणि घशाला चटका बसतो. एकदाच वापरायच्या व्हेपमध्ये हा थर जाड व्हायच्या आत व्हेपच कचऱ्यात जायचा. आता तो साफ करणं वापरणाऱ्याच्या अंगावर आलं आहे.

साफसफाई कशी करतात?

काम अवघड नाही, पण क्रम महत्त्वाचा आहे.

१. सगळ्यात आधी टँक बॅटरीपासून वेगळा करायचा. बॅटरीच्या भागाला पाणी लागू द्यायचं नाही.

२. उरलेलं लिक्विड टिश्यू पेपरवर काढून घ्यायचं. निकोटिन त्वचेतून शरीरात जातं, त्यामुळे हातमोजे घालावेत किंवा नंतर हात साबणाने धुवावेत.

३. कॉइल काढून बाजूला ठेवायची. काच, झाकण आणि तोंडाला लावायची नळी कोमट पाण्यात धुवायची. रबरी रिंग फाटली किंवा सैल झाली असेल तर बदलायची, कारण गळती बहुतेक तिथूनच होते.

४. सगळे भाग पूर्ण वाळू द्यायचे. टँक आणि बॅटरी जिथे जोडले जातात तो धातूचा भाग कोरड्या कापसाने पुसायचा.

५. कॉइल करपली असेल तर ती धुवून फारसा उपयोग नाही. आतला जळका कापूस पाण्याने परत पांढरा होत नाही. साधारण एक-दोन आठवड्यांनी ती बदलावी लागते. गोड लिक्विड असेल तर त्याहूनही लवकर.

नवशिक्यांची सर्वात मोठी चूक यानंतर होते. नवी कॉइल बसवली की ते लगेच ओढायला लागतात. कापूस कोरडा असतो, तार तापते आणि कापूस पहिल्याच झुरक्यात जळतो. म्हणून आधी कापसावर लिक्विडचे दोन-चार थेंब टाकायचे, टँक भरायचा आणि पाच-दहा मिनिटं थांबायचं.

टाळाटाळ केली तर काय होतं?

करपलेली चव हा नुसता चवीचा प्रश्न नाही. कॉइल कोरडी पडून प्रमाणाबाहेर तापली की लिक्विडचं विघटन होतं आणि फॉर्मल्डिहाइड, अॅक्रोलिनसारखी घातक रसायनं जास्त तयार होतात. त्यामुळे 'अजून दोन दिवस चालेल' हा हिशेब इथे महागात पडतो.

दुसरा धोका घरातल्या लहान मुलांना आहे. ब्रिटनमध्ये लिक्विडची बाटली जास्तीत जास्त १० मिलिलिटरची आणि निकोटिनचं प्रमाण मिलिलिटरमागे जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम असतं. म्हणजे एका छोट्या बाटलीत २०० मिलिग्रॅमपर्यंत निकोटिन. बाटलीचं झाकण मुलांना सहज उघडता येऊ नये, असा नियम आहे. पण साफसफाईच्या वेळी बाटली उघडी राहिली, तर झाकणाचा उपयोग काय?

कायद्याची खरी परीक्षा

एकदाच वापरायच्या व्हेपमध्येही लिक्विडची मर्यादा २ मिलिलिटरच होती. म्हणजे १० मिलिलिटरच्या एका बाटलीत तशा पाच व्हेपचं लिक्विड मावतं. कोणी तेवढं लिक्विड एकाच टँकमध्ये भरून वापरलं, तर पाच बॅटऱ्या कचऱ्यात जायच्या वाचतात आणि बदलावी लागते ती एखाद-दुसरी कॉइल. सगळी बचत आहे ती या हिशेबात.

पण हा हिशेब टँक टिकला तरच जुळतो. बाजारात आता असेही व्हेप आले आहेत जे दिसायला जुन्यासारखेच आहेत, किंमतही साधारण तेवढीच आहे, फक्त खाली चार्जिंगची सोय आणि वर बदलता येणारा पॉड आहे. चव बिघडली, गळायला लागला, की पॉड बदलण्याऐवजी अख्खा व्हेपच फेकणाऱ्याला कायदा थांबवू शकत नाही. कागदावर तो 'पुन्हा वापरण्याजोगा', कचऱ्यात मात्र जुन्याच जागी.

व्हेप विकणाऱ्या दुकानांनी जुने व्हेप परत घेणं तिथे बंधनकारक आहे. पण परत द्यायचा की डब्यात टाकायचा, हे शेवटी ग्राहकच ठरवतो. वस्तू स्वस्त आणि दुरुस्ती कटकटीची असेल, तर माणूस दुरुस्तीच्या वाटेला जात नाही.

मग भारतात काय?

हाच व्हेप भारतात पूर्ण बेकायदा आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्राने अध्यादेश काढला आणि त्याच वर्षी संसदेने कायदा केला. ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री आणि जाहिरात यांवर बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पुढच्या गुन्ह्यांना कैद तीन वर्षांपर्यंत आणि दंड पाच लाखांपर्यंत जातो. नुसता साठा केला तरी शिक्षा आहे.

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी ब्रिटनला गेलेल्या मराठी मुलामुलींनी हे लक्षात ठेवायला हवं. लंडनच्या दुकानात बिल देऊन घेतलेला व्हेप सुट्टीत घरी येताना बॅगेत आला, तर मुंबई विमानतळावर ती बंदी असलेली वस्तू ठरते.

दोन देशांची धोरणं वेगळी आहेत. ब्रिटनने सिगारेट सोडू पाहणाऱ्या दहा लाख लोकांना व्हेपचे किट देण्याची योजना २०२३ मध्ये जाहीर केली होती. भारताने तरुणांना नवं व्यसन नको म्हणून दारच बंद केलं. एका गोष्टीवर मात्र तिथली आरोग्ययंत्रणाही ठाम आहे: व्हेप सिगारेटपेक्षा कमी घातक असला तरी निर्धोक नाही, आणि जो सिगारेट ओढत नाही त्याने व्हेपला हात लावू नये.

टँक कितीही स्वच्छ धुतला तरी आतलं निकोटिन तेच राहतं. स्वच्छतेने करपलेला कापूस टळतो, गळती टळते, एखादी बॅटरी कचऱ्यात जायची वाचते. व्यसन सोडणं हे त्यानंतरचं काम आहे, आणि त्याला कोमट पाणी पुरत नाही.