बाजार विकला, वाजवणाऱ्यांना विचारलं कुणी?

संगीताचे परवाने विकणारी ऑनलाइन बाजारपेठ वाढवायची कशी? आमच्या क्षेत्रातलं ठरलेलं उत्तर: दुसरी विकत घ्या. साँगट्रेडर ही जाहिराती, सिनेमे, गेम्ससाठी गाण्यांचे परवाने मिळवून देणारी अमेरिकन कंपनी. 2023 मध्ये तिने एपिक गेम्सकडून बँडकॅम्प घेतलं. एपिकने ते 2022 मध्येच घेतलेलं. दीड वर्षात दोन मालक! या दुसऱ्या सौद्यात जवळजवळ निम्म्या कर्मचाऱ्यांची नोकरी गेली. त्याच वर्षी त्यांनी युनियन उभारली होती.

मी कोड लिहून पोट भरतो, म्हणून सांगतो: अशा सौद्यात कोड सगळ्यात स्वस्त असतो. अपलोड, पेमेंट, डाउनलोड हे सगळं पुन्हा लिहिता येतं. खरी किंमत असते 2008 पासून जमलेल्या गाण्यांची आणि ‘इथे पैसा कलाकाराला पोचतो’ या विश्वासाची. तो कमावला वाजवणाऱ्यांनी आणि तिथे राबणाऱ्यांनी. सौदा ठरवला मात्र भलत्यांनीच.

तुम्ही म्हणाल, “साइट चालू आहे ना? डिजिटल विक्रीवर कमिशन अजून 15 टक्केच आहे ना?” आहे. पण ती मालकाची मर्जी झाली. मर्जी पुढच्या सौद्यात फिरू शकते. करारात लिहिलेला हक्क असा सहज फिरत नाही.

म्हणून अशा प्रत्येक बाजारपेठेकडे मागा: विक्रीची आगाऊ सूचना, काही वर्षांसाठी बांधलेला कमिशनचा दर, आणि आपली गाणी, हिशेब एका क्लिकवर उचलून नेण्याची सोय. ते बटण बनवणं अवघड नाही. तरीही दिसलं नाही, तर कोडला दोष देऊ नका.